कोपरावरचा रफू

रफूवाल्याचा स्वभाव संशयी होता, आणि त्यात त्याची काही चूक होती असं मला वाटत नाही. पस्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून जो माणूस लोकांच्या कपड्यांतली भोकं शोधतो, त्याला धडधाकट कापड दिसलं तरी आधी प्रश्नच पडणार, की हे अजून फाटलं कसं नाही? शेजारची इस्त्रीवाली त्याला तोंडावर 'भिंगराव' म्हणायची. तोही ओ द्यायचा.

कामात मात्र त्याच्यासारखा दुसरा नव्हता. त्याचा एकच नियम होता: दिसला तो रफू नव्हे, ते ठिगळ. भोक बुजवायला तो बाहेरचा धागा कधी घेत नसे. त्याच कपड्याच्या आतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, काढायचा. शिंपी दुमडीत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. त्या मायेतून एकेक धागा उपसायचा आणि भोकावर विणायचा. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून "अहो, भोक होतं कुठे?" म्हणालं, की स्वारी खूश.

एके काळी त्याची बायको त्याच्याच टेबलावर समोर बसून काम करायची. डावखुरी होती, आणि खरं सांगायचं तर हात त्याच्यापेक्षा तिचा सरस. हे तो कबूल करील तर शपथ! पण चार वर्षांपूर्वी त्यांची नऊ वर्षांची मुलगी तीन दिवसांच्या तापात गेली, आणि त्या दिवसापासून बायकोने सुईला हात लावला नाही. त्याने मुलीचे सगळे कपडे एका पत्र्याच्या ट्रंकेत भरले, ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि एकदाच सांगितलं, "हिला कुणी हात लावायचा नाही." त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडलं नाही. दोघं जेवत होती, झोपत होती, वाणसामान आणत होती. त्याला संसार म्हणायचं तर म्हणा.

मग बायको मास्तरांकडे जायला लागली.

मास्तर म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहणारा एक उंच, वाकलेला म्हातारा. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. आता मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चार वाजता दहा-पंधरा माणसं त्याच्यासमोर सतरंजीवर बसायची आणि तो त्यांना ह्या जगाच्या आणि त्या जगाच्या गोष्टी सांगायचा. ना पैसे घेई, ना पाया पडू देई. रफूवाल्याला नेमकं तेच खटकलं. जो काहीच घेत नाही तो शेवटी एकदम सगळं घेऊन जातो, असं त्याचं मत होतं.

त्यात एके दिवशी बायको भांडी विसळताना गुणगुणली. चार वर्षांनी बायको गुणगुणली, आणि हा गृहस्थ संशयाने तिच्या पाठीकडे बघत बसला!

इस्त्रीवालीने तेल ओतलं. "भिंगराव, कळलं का? मास्तर पहिल्या तारखेला गाव सोडताहेत. कायमचे. दोघी-तिघी त्यांच्याबरोबर निघाल्यात म्हणे."

"कोण दोघी-तिघी?"

"ते मला काय माहीत बाई," ती म्हणाली आणि इस्त्री जोरात दाबली. माहीत नसलेल्या गोष्टी तिला फार नीट सांगता यायच्या.

घरी येऊन त्याने पलंगाखाली पाहिलं. फरशीवर धुळीत एक स्वच्छ चौकोनी कड दिसत होती. ट्रंक वीतभर सरकलेली होती. त्याला भिंगाची गरज पडली नाही. ही जाणार, ट्रंक घेऊन जाणार, आणि मग ह्या दोन खोल्यांत मी आणि माझं टेबल. पण विचारलं का? छे! संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, बरं नाही का?" तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

शनिवारी तो दुकान बंद करून तिच्या मागोमाग त्या खोलीत गेला आणि दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसला. बायकोने वळून पाहिलं.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. अंगात जुना करडा लोकरी कोट. ते म्हणत होते, "लोक सांगतात, हे जग खोटं आणि पलीकडचं खरं. मला नाही बुवा पटत. दात दुखतो तेव्हा तो खोटा दुखतो का? खोटं कशाला म्हणायचं, अर्धं म्हणा. उरलेलं अर्धं आत आहे, आपल्याला दिसत नाही. पण आतलं बाहेरच्याला धरून आहे, म्हणून तर बाहेरचं टिकलंय."

"आत जाऊन कोण बघून आलंय?" रफूवाल्याने दारातून विचारलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "मीही नाही."

"मग सांगता कशाच्या जोरावर?"

"अंदाजाने. तुम्ही सांगा ना, कापड वरून बघून आतलं तुम्हाला कळतं की नाही?"

माणसं हसली. बायकोही हसली, आणि ते त्याला जास्त झोंबलं. म्हणजे घरी आपण काय करतो, हे इथे सगळं सांगून झालेलं आहे! आणि 'मी पोचलेलो नाही' असं बिनदिक्कत सांगणारा माणूसच किती पोचलेला असतो, हे त्याला दुकानात बसून कळलं होतं.

सोमवारी मास्तर स्वतः दुकानात हजर. कोट टेबलावर ठेवला. "कॉलर कसरीने कुरतडलीय. कोपराचं काम झालंय, तेवढी कॉलर बघा. मंगळवारी घेतो. परवा प्रवासाला निघायचंय."

"कोपराचं काम कुणी केलं?"

"झालं खरं," मास्तर हसून म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

झालं म्हणजे? आपोआप झालं? रफूवाल्याने कॉलर बाजूला ठेवली आणि भिंग डोळ्याला लावून डावं कोपर उजेडात धरलं. आधी काही दिसेचना. कुणीतरी कसलेल्या हाताचं काम होतं. मग धाग्यांची टोकं सापडली. सगळी उलट्या अंगाला खोचलेली, डावखुऱ्या माणसाच्या हाताने. गावात रफू करणारं दुसरं डावखुरं माणूस नव्हतं. घरात चार वर्षं सुई न धरणारी बायको ह्या म्हाताऱ्याचा कोट सांधत होती!

तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुढे जे दिसलं त्याने ती आगही विझली. विणीत एका जागी, मोहरीच्या निम्म्याएवढा, लाल ठिपका होता.

मास्तरांच्या कोटात कुठेही लाल नव्हतं. लाल ठिपक्यांचं करडं कापड ह्या दुकानात एकदाच आलं होतं. मुलगी हटून बसली होती, "बाबा, नुसतं करडं नको, त्यात लाल पाहिजे," म्हणून दुकानादुकानांतून हिंडून त्यानेच ते आणलं आणि त्याचा कोट शिवला. तिने तो एक हिवाळा घातला. तो ट्रंकेत सगळ्यांत वर होता.

आता बघा, एवढी वर्षं धंद्यात घालवलेल्या माणसाने काय करावं? ओढून काढलेला धागा पुन्हा कामाचा राहत नाही, तो कुरळा होतो, तुटतो. हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. पण त्याने कातरी घेतली आणि कोपरावरचा सगळा रफू खसाखसा उसवून काढला. मुलीची वस्तू परत आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हातात आले दोन-दोन बोटांचे केसासारखे तुकडे. ते त्याने कागदाच्या पुडीत बांधले, खिशात घातले आणि मग तिथेच बसून लहान मुलासारखा रडला.

मंगळवारी चार वाजता त्याने सगळ्यांदेखत तो कोट सतरंजीवर टाकला. कोपराला मूठ जाईल एवढं भगदाड.

"माझ्या मुलीचा धागा ह्यात कुणी घातला?" तो ओरडला. "आणि हा कोणत्या जगाचा न्याय, मास्तर? जी गेली तिच्या अंगावरचं काढून जिवंत माणसाने पांघरायचं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं हो. कोपर फाटलंय, एवढंच मी म्हटलं होतं."

बायको उठली. पांढरी पडली होती. तिने कोट उचलला, त्याची घडी केली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. तो तिच्यामागे धावणार, तेवढ्यात मास्तरांनी त्याची बाही धरली.

"तिला घेऊन जाणार आहात ना तुम्ही?" त्याने विचारलं. "खरं सांगा."

"मी कुणाला नेणार? मीच बहिणीकडे चाललोय. गुडघे गेलेत, हा जिना आता चढवत नाही. सामान पोचवायला दोघी येताहेत, संध्याकाळी परत फिरतील." मग म्हणाले, "तुम्ही तिलाच विचारलंत का?"

रफूवाल्याचा त्या गुडघ्यांवरही पुरता विश्वास बसला नाही. पण विचारलं नव्हतं, हे खरं होतं.

घरी आला तर ट्रंक खोलीच्या मधोमध उघडी. टेबलावर मुलीचा कोट पसरलेला. चार वर्षांत त्याने तो पहिल्यांदा पाहिला. केवढासा होता! त्याच्या आठवणीत मुलगी बरीच मोठी झाली होती.

बायको समोरच्या, तिच्या जुन्या स्टुलावर बसली होती. "लावा भिंग," ती म्हणाली. "सांगा, कुठून काढला धागा?"

"अगं..."

"लावा म्हणते ना!"

त्याने भिंग लावलं. खांदे पाहिले, बाह्या, खिसे, पाठ. उजेडात धरला. कोट अख्खा होता. तिने कुठेही एक धागा ढळू दिला नव्हता. शेवटी त्याने खालचा घेर उलटा केला आणि त्याचा हात थांबला.

घेराच्या आत त्याने स्वतः चार बोटं माया सोडली होती. पोर भराभर वाढत होती, दरवर्षी एक-एक बोट उसवून कोट लांब करायचा, निदान चार हिवाळे तरी जायला पाहिजेत, असा त्याचा हिशेब होता. धागे तिथून काढलेले होते.

"मी जाणार होते असं वाटलं तुम्हाला?" बायको म्हणाली. "कुठे जाणार? चार वर्षं ह्या ट्रंकेशेजारी मीही आहे, तुम्हीच मला तिच्यात बंद केलंत. मास्तर एकदा म्हणाले, आत जे राहिलंय ते बाहेरच्याला धरून ठेवतं. मला काही ते सगळं कळत नाही. खरं असेल, नसेल. म्हटलं, करून तर बघू. म्हाताऱ्याला थंडी वाजत होती, आणि ही चार बोटं..." मग डोळे पुसून म्हणाली, "ती आता कुणासाठी ठेवायची हो?"

खिशातली पुडी त्याने काढून टेबलावर ठेवली. तिने ती उघडली, कुरळे तुकडे बोटाने चाळले. "हे गेले," ती म्हणाली.

"गेले. माझंच डोकं फिरलं होतं."

"आता?"

त्याने तो लहानसा घेर पुन्हा हातात घेतला. म्हातारा लबाड आहे की साधा आहे, आत काही आहे की नाही, ह्यातलं त्याला आजही काही ठाऊक नव्हतं. पण उद्या ऐन थंडीत तो प्रवासाला निघणार होता आणि त्याच्या कोटाचं कोपर ह्यानेच फाडलं होतं. त्याने डोळ्यावरचं भिंग काढून तिच्यापुढे सरकवलं.

"तू काढ धागा. हात तुझाच सरस."

तिने सुई डाव्या हातात घेतली आणि घेरातून एक धागा हळूच उपसला. तो लांबच लांब येत राहिला आणि मधे एक लाल ठिपका आला. तिने मास्तरांचा कोट पुढ्यात ओढला, विणायला घेतलं आणि सवयीने तो ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला वळवला, वरून दिसू नये म्हणून.

"तो आत नको," रफूवाला म्हणाला. "वर राहू दे. दिसू दे."