रडकं शेवटी

दुपारी माणसं येणार होती, म्हणून त्याने सकाळीच रेकॉर्ड पुसायला घेतली. बायकोला जाऊन महिना होत आला होता. तिच्या आठवणीत चार माणसांनी एकत्र बसावं असं मेहुणीने ठरवलं आणि तिथे तिचं सगळ्यात आवडतं गाणं लावायचं असं लेकीने. ते गाणं कुठलं हे फक्त त्याला माहीत होतं. शेवटच्या आजारात त्याच्या हातून काहीच धड झालं नव्हतं. निदान एवढं तरी नीट व्हावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली. चार केसाळ पोरांचा रॉक बँड, कव्हरवर एक रिकामा जिना. लग्न नवं असताना ती त्याने जुन्या बाजारातून आणली होती. शब्द दोघांनाही कळत नव्हते, म्हणून गाण्यांना त्यांनी आपलीच नावं ठेवली. काच फुटल्याच्या आवाजाने सुरू होतं ते काचवालं. मग घोडा, शिट्टी, ढोल, भांडण, आगगाडी. आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी टोकाला, गायकाने नाक ओढत म्हटल्यासारखं वाटतं, ते रडकं.

"लाव बघू नंबर," असं त्याने तिला तेव्हाच विचारलं होतं. ती बोटांवर मोजत म्हणाली होती, "काचवालं, आगगाडी, घोडा, मग ढोल, मग शिट्टी, भांडण, आणि रडकं शेवटी."

त्याने ते पक्कं डोक्यात ठेवलं. त्याला स्वतःला काचवालं म्हणजे भरलेलं कपाट जिन्यावरून घरंगळत आल्यासारखं वाटायचं. पण तिचं पहिलं ना, मग झालं. सुट्टीच्या सकाळी काचवालं. वाढदिवसाला काचवालं. आणि दुसरी बाजू लावली की रडकं सुरू व्हायच्या आत तो सुई उचलायचा. "पुरे," म्हणायचा. ती "बरं" म्हणायची. नंबरांवरून पुढे त्यांचं वाजायचं ते फक्त मधल्या जागेवरून. तिथे ढोल बसवावा की शिट्टी, यावर दोघं जेवण थंड होईपर्यंत भांडायची.

तर त्याने रेकॉर्ड पुसली आणि खिडकीशी नेऊन तिरकी धरली. त्याचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. झिजलेली टाच पाहून माणूस कसा चालतो, हे ओळखण्यात त्याची हयात गेलेली. दुसरी बाजू वर आली आणि तो जागच्या जागी थिजला.

भांडण, आगगाडी, त्या बाजूची बाकीची गाणी काळी कुळकुळीत होती. फक्त टोकाची पट्टी राखेसारखी करडी झाली होती. रडकं. नंबर लागल्यापासून ज्याच्यावर त्याने सुई टेकू दिली नव्हती, जे नवंकोरं असायला हवं होतं, ते झिजून गेलं होतं.

"हे कोणी वाजवलं?" त्याने विचारलं.

लेक खुर्च्या मांडत होती. "आईने. तू दुकानात गेलास की रोज लावायची. का रे बाबा?"

"अगं, पण ते तिला आवडत नव्हतं. शेवटचा नंबर होता त्याचा. तिने स्वतः मला सांगितलं होतं."

मेहुणी फुलं निवडत बसली होती. तिने मान वर केली. "दाजी, कसं सांगितलं होतं?"

त्याने ती यादी जशीच्या तशी म्हणून दाखवली. मेहुणीचे हात थांबले.

"अहो, आम्ही बहिणी खालून वर मोजायचो. रेडिओवर नव्हते का सांगत, आधी सगळ्यात खालचं आणि एक नंबरचं शेवटी? तसंच. भाज्यांना, मास्तरांना, आलेल्या स्थळांनासुद्धा असेच नंबर. तुमचं नाव शेवटी घेतलं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या!"

त्याला खाली बसावं लागलं. लेकीने मांडलेली खुर्ची होती म्हणून बरं.

"म्हणजे काचवालं..."

"तिला अजिबात सोसायचं नाही. मला म्हणायची, यांना त्या काचा कशा काय आवडतात देव जाणे. पण माणूस इतक्या हौसेने लावतो, तर कोण मोडता घालणार."

"मला?" तो म्हणाला. "मला कुठे आवडायचं?"

'लाव तुझं काचवालं,' ती म्हणायची. त्यातलं 'तुझं' त्याने आयुष्यभर लाडाचं समजून ऐकलं होतं. मग त्याला हॉस्पिटल आठवलं. शेवटच्या आठवड्यात त्याने फोन तिच्या उशीशी ठेवून काचवालं लावलं होतं, पुन्हा पुन्हा. तिने डोळे मिटून घेतले होते. बरं वाटतंय, असं समजून त्याने आवाज थोडा वाढवला होता.

"मी आवाज वाढवला गं," तो लेकीला म्हणाला. एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

लेक जवळ येऊन उभी राहिली. मेहुणीने डोळ्यांना पदर लावला, पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "दोघंही सारखीच. एकाने तरी तोंड उघडायचं होतं."

तो उठला. रेकॉर्ड लावली आणि सुई टोकाच्या पट्टीवर टेकवली. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीमागून गायक तसाच नाक ओढत सुरू झाला. त्याचा हात सवयीने सुईकडे गेला. लेकीने तो धरून ठेवला.

अर्ध्यावर गाणं बदललं. रडणं थांबलं, ढोल आला, त्याच्यावर शिट्टी आली. दोन्ही एकत्र. तो बघतच राहिला. जेवणं थंड करून ज्या दोघांसाठी ते भांडले, ते इथे एकमेकांच्या गळ्यात पडले होते, आणि तिला हे रोज दुपारी ऐकू येत होतं. गाणं संपल्यावर कुणीतरी स्टूल सरकवलं आणि एक माणूस मोठ्याने हसला. तेही रेकॉर्डमध्येच होतं.

"बाबा, मग दुपारी हेच ना?" लेकीने विचारलं. "खूप खरखरतंय पण."

"खरखरू दे," तो म्हणाला. "ती खरखर तिचीच आहे."