काळ्या रेघेजवळचे कण

भिंगरीची आई कुणाला घाबरत नसे, पण त्या सकाळी बाईसाहेब एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून निघाल्या होत्या. बाबांनी दारातून परत बोलावलं म्हणून निभावलं.

आज आईच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती, तीही चारचौघांसमोर. निभली तर आई डॉक्टर, नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. विषय होता चंद्राच्या खडकाचा नखाएवढा तुकडा.

घोडं अडलं होतं त्याच्या वयापाशी. खडकातल्या पोटॅशियमचा काही भाग हळूहळू आरगॉन वायू होतो आणि कणांतच साठत जातो. साठा मोजला की वय कळतं. आईच्या तोंडून ऐकून ऐकून भिंगरीला हे झोपेतही सांगता आलं असतं.

प्रयोगशाळेची रीत अशी, की तुकडा सगळाच्या सगळा दळायचा आणि पूड मोजायची. आईने निम्मा तसाच दळला आणि जे वय आलं ते ना खडक थिजला तेव्हाचं, ना त्याच्यावर उल्का आदळली तेव्हाचं. नुसती भेसळ. मग उरलेला तुकडा दळायला तिने साफ नकार दिला. उल्केच्या दणक्याने त्यातला थोडा खडक वितळून काचेची काळी रेघ झाली होती. आई सूक्ष्मदर्शकाखाली सुईने कण वेचत बसली. रेघेला चिकटलेले वेगळे, मधले वेगळे, लांबचे वेगळे. तिच्या मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला होता. संशोधन करताय की धान्य निवडताय, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं.

सभागृहात आईचा आवाज आधी इतका बारीक निघाला, की मागच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या. बाबा गुडघा हलवत होते, भिंगरीने तो दाबून धरला. पण पडद्यावर आलेख उमटला आणि आईचा सूर लागला. रेघेच्या जितकं जवळ जावं, तितकं कणांचं वय कमी होत होतं.

गळ्यात चष्मा अडकवलेल्या परीक्षक बाईंनी तिथेच बोट ठेवलं. मघाच्या फोटोत लांबच्या कणांनाही तडे दिसत होते. दणका तर सगळ्यांनाच बसला, मग आरगॉनचं हे घड्याळ रेघेजवळच्यांचंच कसं बिघडलं? की मोजणीच चुकली?

सर जमिनीकडे बघू लागले. आईने मात्र चष्मा काढून पदराने पुसला. भिंगरीला फैलावर घेण्याआधी ती अगदी हेच करायची. संपलं, परीक्षक बाईंची आता खैर नाही, भिंगरीने मनात म्हटलं.

"नुसत्या दणक्याने कण तडकतो, मॅडम, वायू फारसा निसटत नाही. त्याला उष्णता लागते, आणि तीही टिकून राहणारी. दणक्यामागून खडक तापला तो या रेघेपाशी. तिथला साठा रिकामा झाला आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं. ते कण टकरीची वेळ सांगतात. लांबचे तडकले, पण फार तापले नाहीत, म्हणून ते खडकाचा जन्म सांगतात."

"आणि मधले?"

"मधले अर्धवट रिकामे झालेत. त्यांचं वय कुठल्याच घटनेचं नाही, आणि मी ते तसंच लिहिलंय."

मग तिने शेवटचा पुरावा काढला. त्याच खडकातल्या झिरकॉन या चिवट खनिजाच्या कणांत युरेनियमचं किती शिसं झालं, ते तिने दुसऱ्याच यंत्रावर मोजलं होतं, आणि त्यातून निघालेलं वय लांबच्या कणांशी जुळत होतं.

परीक्षक बाईंनी चष्मा चढवला. आलेख इतका वेळ पाहिला, की बाबांचा गुडघा पुन्हा सुरू झाला. मग त्या आईशी नाही, सरांशी बोलल्या.

"यापुढे चंद्राचा तुकडा आला, तर डॉक्टर बाईंनी पाहिल्याशिवाय दळू नका."

डॉक्टर बाई! सरांनी मान हलवली आणि चक्क हसले. कुणी हात उचलायच्या आत भिंगरीची टाळी पडली होती. शेजारी एक अनोळखी काकू बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी भिंगरीने त्यांना सांगितलं, "ती माझी आई आहे." मग त्यांना नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं.