एका वायरीचा डबा

धंद्यात मला मिलिमीटर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान शाबूत आहेत. कारखान्यांच्या मोटरी चालवणारी कंट्रोल पॅनेलं बनवणं हे माझं काम, आणि तीस वर्षांत माझ्या हातून एकही पॅनेल दरवाजा लावल्याशिवाय बाहेर गेलेलं नाही. आत प्रत्येक वायरीला नंबर, आणि दरवाजा असा की एका बोटाने ढकलला तरी आवाज न करता बसेल. गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट केली तरी अपुरं काम मी देत नाही. या गुणाचं मला फार कौतुक होतं.

धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी माझ्याकडेच आहेत. बहिणीला लहानपणापासून घरात रेडिओ म्हणतात, कारण सकाळी सुरू झाली की झोपेपर्यंत बंद होत नसे. खाली माझ्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू असला तरी त्याच्यावर मात करून जिन्यातून तिची हाक यायची, "दादा, जेवायला ये." मी "आलो" म्हणायचो आणि तासाभराने जायचो. ती ताट झाकून बसलेली असायची, आणि मग जेवण होईपर्यंत मला ऐकून घ्यावं लागायचं.

त्या रेडिओच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आधी थोडे उपचार आणि पाच आठवड्यांनी ऑपरेशन असं ठरलं.

भाची कॉम्प्युटरचं शिकते. रडून झाल्यावर तिने एक गोष्ट सुचवली. आईकडून दोनेक तास वाक्यं वाचून घ्यायची, त्यावरून लॅपटॉपला आईचा आवाज शिकवायचा. पुढे आई टाइप करेल आणि लॅपटॉप तिच्या आवाजात बोलेल.

"पण मामा, एवढं शिकण्याची लॅपटॉपमध्ये ताकद नाही. त्याला मोठ्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड लागेल, आणि ते आत मावत नाही. बाहेर डब्यात ठेवायचं, वेगळा पॉवर सप्लाय द्यायचा, आणि एका वायरीने लॅपटॉपला जोडायचं."

"आवाज एखाद्या कंपनीकडे पाठवला तर नाही का होत?"

"होतं. आई नको म्हणते."

बहीण तेव्हा घोगरं का होईना बोलत होती. म्हणाली, "माझा आवाज दारोदार फिरायला नको. घरातच राहू दे."

भाचीने कागदावर चित्र काढलं. त्याच डब्यात मोठा स्क्रीन, कीबोर्ड, माईक, स्पीकर, सगळ्यांच्या जोडण्या आणायच्या. लॅपटॉपचं चार्जिंगसुद्धा त्याच वायरीतून. एक वायर लावली की सगळं लागलं, आणि एक काढली की लॅपटॉप उचलून चालू लागायचं. आईला दहा वायरींचा गुंता झेपणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. किती दिवस लागतील, तिने विचारलं. मी म्हणालो, आठ.

सहाव्या दिवशी ते चालू झालं. हे मला सांगायलाच हवं. लाकडी फळीवर कार्ड उभं केलेलं, शेजारी पॉवर सप्लाय, सगळ्या वायरी उघड्या. भाचीने लॅपटॉप जोडला, कार्डाचे पंखे फिरले आणि स्क्रीनवर त्याचं नाव आलं. माईकही चालत होता.

"झालं की मामा. उद्यापासून आई वाचायला बसेल."

"या फळीवर? माईकमध्ये पंख्याची घरघर येतेय. तिचा घसा आधीच दुखतो, तिला दोनदा वाचायला लावायचं नाही. एकदाच, नीट. डबा पूर्ण झाला की."

"मग तोवर मोबाइलवर तरी घेऊन ठेवते."

"मोबाइलवर?" हा शब्द मी अशा काही सुरात उच्चारला की पोरीने हातातला मोबाइल खाली ठेवला. बहिणीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दादा म्हणतोय तर थांबू," ती म्हणाली.

मग मी डबा करायला बसलो. पत्रा कापला, वाकवला, हवेसाठी भोकं पाडली. घरघर जाईना म्हणून पंख्यांखाली रबर घातलं. मागच्या पट्टीवरचं एक भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलं होतं, ती पट्टी फेकून नवीन केली. करडा रंग निळसर आला, तो खरवडून पुन्हा मारला. आठाचे बारा झाले, बाराचे वीस. अति तिथे माती, हे मी दुसऱ्यांना नेहमी ऐकवतो.

डॉक्टरांनी तिला हाका मारायची बंदी केली होती. म्हणून ती वरून मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायची. "दादा, चहा पाठवू का?" "दादा, पोरीला रागावलास का?" आणि रोज निदान एकदा, "दादा, झालं का?" मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये, पान्यांच्या शेजारी पडलेला असे. काही निरोप ऐकायचो, काही राहून जायचे. ऐकू सावकाश, पळून जातात का कुठे, असं वाटायचं.

रंग, रबर, अर्धा मिलिमीटर, ही सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. डबा पूर्ण झाला म्हणजे ती त्याच्यापुढे बसून आपला उरलासुरला आवाज वाक्या-वाक्याने देऊन टाकणार होती, आणि ते मला शेजारी बसून ऐकावं लागणार होतं. मला ते नको होतं. डबा अपुरा आहे तोवर ऑपरेशनही लांब आहे, अशी काहीतरी पोरकट समजूत मी मनाशी करून घेतली होती.

चोविसाव्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. गाठीने वाट अडवली होती. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. तिला आत नेताना तिने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडावर मास्क होता. दुपारी ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा डबा टेबलावर होता. दरवाजाचे तीन स्क्रू लावायचे राहिले होते. मी ते लावले. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल. त्या दिवशी मला ती उच्चारवेना.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पातळ जाळीचं कापड, हातात पुसता येणारी पांढरी पाटी. भाची औषधं आणायला गेली होती. मी बहिणीसमोर बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. सहाव्या दिवशीच झालं होतं."

तिने बराच वेळ लिहिलं आणि पाटी फिरवली. "मलाही वाचायचं नव्हतं. तू वेळ काढत होतास तो मला बरा वाटत होता. सगळं श्रेय एकट्याने घेऊ नकोस."

मी हसलो आणि मग मला रडू आवरेना. ती पाटी पुसत राहिली, अगदी कोरडी होईपर्यंत.

भाची मात्र हार मानणारी नव्हती. "मामा, तुझा मोबाइल दे," ती म्हणाली. आईचा आवाज दुसरीकडे फारसा नव्हता. बोलणारं माणूस समोर असताना तो साठवतं कोण. माझ्या मोबाइलवर त्रेचाळीस निरोप निघाले, एकूण अकरा मिनिटांचे. भाचीने मान खाली घालून सांगितलं, त्यातले एकोणीस न ऐकलेले होते.

डबा वर बहिणीकडे आणला, आणि निरोपांचे तुकडे पाडून नीट करायचे म्हणून आम्ही तिघं त्याच्यापुढे बसलो आणि एकेक लावला. स्पीकर चांगले होते, मीच निवडलेले. शेवटचा निरोप ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा होता. त्या वेळी मी दरवाजा उजेडात धरून ओरखडे शोधत होतो.

"दादा, मीच जरा सुरुवात करून बघते हं. वाक्य पहिलं. आज आकाश स्वच्छ आहे. वाक्य दुसरं. दुकान सात वाजता उघडतं." मग खोकला, लांबलचक, थांबत थांबत. "नको. उरलेलं तुझ्या डब्यावर. झालं की हाक मार."

खोकल्यामुळे तो तुकडा वापरता येणार नाही, असं भाचीने हळूच सांगितलं, आणि बाकीचे लॅपटॉपला शिकायला दिले.

डबा दोन दिवस चालत होता. तापला नाही, घरघरला नाही, कुठे काही हललं नाही. भाची म्हणाली, असा डबा विकतसुद्धा मिळणार नाही. त्याला लाथ घालावी असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बहिणीला खुर्चीवर बसवलं. तिने एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"दादा, चहा घेणार का?"

तीच. अगदी तीच, आजारपणाच्या किंचित घोगरेपणासकट. भाचीने तोंडावर हात ठेवला. बहिणीचे खांदे हलले. तिचं हसणं आता असंच दिसतं. तिने पुन्हा टाइप केलं. स्क्रीनवर मला वाचता येत होतं, आज मी बरी आहे.

"आज मी बरी आहे?"

वाक्याचा सूर शेवटी वर गेला, आणि तिथेच थांबला, कुणीतरी काही म्हणेल म्हणून. भाचीने सेटिंगचे आकडे बदलून पाहिले, पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. "घर झाडून घे" म्हटलं तर विचारल्यासारखं, "मला भूक नाही" म्हटलं तरी विचारल्यासारखं.

"मामा, त्याने तेवढंच ऐकलंय ना," ती म्हणाली. "सगळ्या निरोपांत आई तुला काहीतरी विचारतेय."

बहीण माझ्याकडे बघत होती. तिने पाटी उचलली नाही. तेच बटण परत दाबलं.

"आज मी बरी आहे?"

"हो गं," मी म्हणालो. "बरी आहेस."

तिने मान हलवली. मग डब्याची ती एक वायर काढली. ठरवलं होतं तशी ती एका हाताने, सहज निघाली. आता शिकणं संपलं होतं, बोलायला लॅपटॉप एकटा पुरे होता. तो काखेत घेऊन ती सावकाश स्वयंपाकघरात गेली.

मी डब्यापुढे बसून राहिलो. दरवाजा उघडा होता, तो एका बोटाने ढकलला. आवाज न करता बसला. आतून भांड्यांची खुडबुड ऐकू आली, आणि मग तो आवाज आला.

"दादा, जेवायला ये?"

मी "आलो" म्हणालो नाही. लगेच उठलो.