डुप्लिकेट म्हणून फेकलेली डिस्क

मी एक जुनी ब्रेक डिस्क आहे, असं म्हणायची मला फार हौस होती. पण मित्रांनो, मी जुनी झालेच नाही. गाडीच्या चाकात माझ्यासारखी डिस्क वर्षानुवर्षं चालते. मी चालले ती पार्किंगपासून सोसायटीच्या गेटपर्यंत आणि गेटपासून समोरच्या वाळूच्या ढिगापर्यंत. तेवढ्यावर मला डुप्लिकेट ठरवून कंपाउंडच्या भिंतीशी फेकून दिलं. त्यामुळे माझ्या बोलण्यात राग दिसला तर तो दिसू दे.

भंगारातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भट्टीत वितळवून माझा जन्म झाला. साच्यातून निघाले तेव्हा मी काळी आणि खरबरीत होते. मग महाळुंग्याच्या एका कारखान्यात मला लेथवर चढवलं, दोन्ही अंगांनी सोलून काढलं, आणि मी घासलेल्या ताटासारखी लख्ख झाले. माझी जाडी मोजली, मला फिरवून पाहिलं, कुठे केसाएवढाही फरक निघाला नाही. शेवटी अंगभर रस्ट ऑइल फासून मला खोक्यात घातलं. बीड उघडं राहिलं की लगेच गंजतं, म्हणून हे तेल. पण ते फक्त प्रवासापुरतं असतं. चाकावर चढवण्याआधी ते धुऊन काढायचं, अगदी कोरडं करायचं. ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी मला घट्ट पकडतात तेव्हा गाडी थांबते, आणि तेलकट अंगाला कोण पकडणार? हे सगळं खोक्यावर चित्र काढून छापलेलं होतं. खोकं मात्र उघडल्याबरोबर कचऱ्यात गेलं.

मला आणि माझ्या जोडीदार डिस्कला चऱ्होलीला आणलं ते नवनाथने. मूळचा परभणीकडचा हा माणूस बारा वर्षं महाळुंग्याच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर आहे. गुरुवारी कंपनीला सुट्टी. घरीच डिस्क आणि पॅड बदलायचे, असं त्याने ठरवलं. खोटं कशाला बोलू, हात सुरेख होता त्याचा. गाडी जॅकवर घेतली, खाली टेकू लावले, चाकं काढली. जुन्या डिस्क झिजून पातळ झाल्या होत्या, त्या त्याने हातोडीने अलगद ठोकत सोडवल्या. बोल्ट किती घट्ट करायचा हे त्याच्या मनगटालाच कळत होतं. मी मनात म्हटलं, चांगल्या घरी पडलो आपण.

मग त्याने मला फडक्याने पुसलं. खोक्यातली धूळ निघाली आणि तेलही बरंचसं निघालं. उरलेलं पेट्रोलने धुतलं असतं की झालं होतं. पण माझं उघडं अंग दिसताच बारा वर्षांची सवय जागी झाली. त्याच्या टेबलावर तेलाचा हात न फिरवलेला पार्ट म्हणजे रिजेक्ट. त्याने पेटीतून छोटी बाटली काढली आणि मला पुन्हा तेल लावलं, तेही हौसेने, दोन्ही बाजूंनी.

त्याची बायको वर्षाली चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "अहो, ब्रेकला तेल चालतं का?"

"वर्षाली, बारा वर्षं झाली मला," नवनाथ म्हणाला. "तेल नसलेला पार्ट माझ्या टेबलावरून पुढं जात नसतो."

मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला कुठे तोंड आहे?

दुपारी तिघं निघाली, नवनाथ, वर्षाली आणि मागच्या सीटवर त्यांची नऊ वर्षांची संस्कृती. चाकणला वर्षालीच्या बहिणीकडे जायचं होतं. पार्किंगमधून गेटकडे उतार आहे. गेटसमोर रस्त्यापलीकडे बांधकामाच्या वाळूचा ढीग, आणि ढिगाला लागून छबूबाई भाजी विकायला बसते. तिच्या शेतात आता बिल्डिंगा उभ्या आहेत, पण तिची पाटी सुटलेली नाही. उतारावर नवनाथने ब्रेक दाबला. पॅड मला धरायला आले आणि घसरले. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा घसरले. आम्ही दोघी जीव तोडून थांबायला बघत होतो आणि थांबता येत नव्हतं. ज्या एका कामासाठी जन्माला आले, तेच माझ्या हातून होत नव्हतं. गाडी गेटबाहेर गेली. नवनाथने हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग वाळूकडे वळवलं, आणि भाजीची पाटी चिरडून गाडी ढिगात रुतली.

छबूबाई दोन पावलांवर उभी होती. गिऱ्हाइकाला कोथिंबीर द्यायला नुकतीच उठली होती. ती म्हणाली, "आरं, मी रोज हितंच बसते. उठले म्हनून हाय."

संस्कृती रडत होती. लोक जमले, काय झालं म्हणून विचारू लागले. नवनाथ घाम पुसत म्हणाला, "डिस्क डुप्लिकेट निघाल्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हल्ली मालच तसा येतो, असं कुणी म्हणालं. एकानेही मला हात लावून पाहिला नाही. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर इशारा गेला: डुप्लिकेट डिस्कपासून सावध राहा. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आला. त्याने माझ्यावरून बोट फिरवलं, बोट चमकलं, आणि हे तेल कुणी लावलं म्हणून विचारलं. नवनाथने ते बोट पाहिलं. त्याला तिथेच सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. तरी तो म्हणाला की दुकानातूनच तशा आल्या. पॅडमध्ये तेल मुरलं होतं, ते टाकावेच लागले असते. पण मला नुसतं धुतलं असतं तर मी आजही धावत असते. गॅरेजवाला तेच सांगत होता. नवनाथने ऐकलं नाही, कारण मी चाकावर राहिले असते तर मी डुप्लिकेट नाही हे उघड झालं असतं.

पुढच्या गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या रणजीतने आपली गाडी जॅकवर घेतली. तोही नवनाथच्याच टेबलावर काम करतो. ग्रुपवरचा इशारा वाचून त्याने मुद्दाम चांगल्या दुकानातून डिस्क आणल्या होत्या. बायकोला, विजयश्रीला, सातवा महिना होता आणि दुपारी तिला जुन्नरला माहेरी सोडायचं होतं. त्याने नवी डिस्क पुसली आणि खिशातून तेलाची बाटली काढली. मी भिंतीशी पडून हे बघत होते. एवढा संताप मला फेकून दिल्याचाही आला नव्हता.

तेवढ्यात नवनाथ आणि वर्षाली पिशवी घेऊन गेटमधून आत आली आणि दोघंही जागीच थांबली. वर्षालीने पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही सांगता का मी सांगू?"

नवनाथने पुढे होऊन रणजीतच्या हातातली बाटली घेतली. "भावा, हे लावू नको. पेट्रोलनं धू, कोरडी कर, मग बसव." मग खाली बघत म्हणाला, "माझ्या डिस्क डुप्लिकेट नव्हत्या. तेल मी लावलं होतं."

रणजीतने हातातलं फडकं खाली टाकलं. "आणि आठ दिवस तू गप बसलास?"

नवनाथने ती बाटली आपल्याच खिशात घातली. माझ्याकडे त्याने त्या दिवशीही पाहिलं नाही. भिंतीशी मातीत पडून अंगावरचं तेल कधीच निघून गेलं होतं आणि मी गंजून तांबडी झाले होते, आता मला कोण उचलणार?

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून चूक झाली तर ती आमच्या माथी मारू नका. मला बोलता येत नाही, म्हणून मी आळ सोसला. पण छबूबाई ते आठही दिवस उताराच्या समोर, त्याच जागेवर पाटी मांडून बसत होती, कारण धोका भंगारात फेकला आहे असं तिला नवनाथने सांगितलं होतं.