उघडावं लागलं तर

आमचे सर्जन दुर्बिणीतून पित्ताशय काढताना अडले की "किती वाजले?" असं विचारतात. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या बरोबर समोर आहे आणि त्यांना ते वाचता येतं. पण "आता पोट उघडू या" हे शब्द काही त्यांच्या तोंडून फुटत नाहीत, त्यात त्यांना कमीपणा वाटतो. म्हणून पद्धत अशी पडली आहे, की त्यांनी वेळ विचारायची आणि सिस्टरनं काही न बोलता मागच्या ट्रॉलीवर झाकून ठेवलेला, पोट उघडायच्या हत्यारांचा मोठा ट्रे पुढे ओढायचा. मग ते म्हणतात, "बरं, सिस्टर म्हणताहेत तर उघडू या." सिस्टर काहीच म्हणालेली नसते. इतक्या वर्षांत माझ्या नावावर बरीच पोटं उघडली गेली आहेत.

मला त्यात वावगं वाटत नाही. भोकांमधून जे दिसत नाही ते उघडल्यावर दिसतं, हाताला लागतं. नको ती नळी कापली गेली तर माणूस आयुष्यातून उठतो. फरक एवढाच, की चार भोकं पाडलेला पेशंट एक-दोन दिवसांत चालत घरी जातो, आणि बरगडीखाली वीतभर कापलेला आठवडाभर कण्हतो आणि दीड महिना काही जड उचलू शकत नाही.

हा दीड महिनाच आमच्या घरात अडचणीचा होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं, आंघोळीला न्यायचं, परत आणून झोपवायचं, हे सगळं माझी थोरली जाऊ एकटी करते. मी करत नाही, मला ड्यूटी असते. ड्यूटी हा शब्द मला घरात फार उपयोगी पडतो.

जावेच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा थोरल्या दिरांनी जाहीर केलं, की भोकांवर भागलं तर ठीक, चार दिवस कसेही काढू. पण पोट उघडावं लागलं तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. "तात्पुरतं," ते म्हणाले. जागाही बघून ठेवली होती. तात्पुरतं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं, सासूबाईंनाही. त्या दिवसापासून त्या कमी जेवायला लागल्या. अंग हलकं असलं तर कोणीही उचलेल, असं त्यांनी जावेला सांगितलं. मला हे ऐकून लाज वाटली, पण ड्यूटी होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी जावेला नीट समजावलं. दुर्बिणीनं सुरुवात करू, पण आत चिकटलेलं असेल तर उघडावं लागेल. तिनं मान डोलावली, सही केली, आणि त्यांची पाठ वळताच माझा हात धरला.

"तू असशील ना आत?"

"असेन, ताई." दुसरी सिस्टर आजारी होती, नाहीतर घरच्या माणसाच्या ऑपरेशनला मी उभी राहिले नसते.

"मग उघडू देऊ नकोस त्यांना. आईंचं काय होईल ते तुला माहीत आहे."

"तुमचं कशाला उघडतील? क्वचित लागतं तसं."

"शब्द दे."

मी दिला. पेशंटला शब्द द्यायचा नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवते.

आत भलताच गोंधळ निघाला. पित्ताशय सुजून आजूबाजूला घट्ट चिकटलं होतं. पडद्यावर लालसर गोळ्याशिवाय काही दिसेना. सर्जन जरा सोडवत होते, थांबत होते, पुन्हा सोडवत होते. त्यांची मान आखडली होती.

"सिस्टर, किती वाजले?"

मी वेळ सांगितली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. सर्जननी घड्याळाकडे पाहिलं आणि परत पडद्याकडे वळले. ते बिचारे काय करणार? सिस्टर उघडा म्हणत नाहीत म्हणजे अजून जमेल, असा त्यांनी अर्थ लावला. थोड्या वेळानं त्यांनी नळीसारखं काहीतरी चिमट्यात धरलं आणि हात पुढे केला.

"क्लिप."

क्लिप माझ्या हातात तयार होती. ती लावून नळी बंद केली की कापायची. ती नळी पित्ताशयाची असेल तर प्रश्न नव्हता. यकृताकडून येणारी मोठी असेल आणि ती कापली गेली, तर जाऊबाई जन्माच्या अधू होणार होत्या. कोणती आहे ते मला सांगता आलं नसतं, आणि त्यांनाही.

"सर, परत विचारा ना," मी म्हटलं.

"काय?"

"किती वाजले ते."

त्यांनी चिमटा सैल केला. मग म्हणाले, "किती वाजले, सिस्टर?"

मी क्लिप खाली ठेवली आणि ट्रे पुढे ओढला.

उघडल्यावर ती मोठीच नळी निघाली. त्यानंतर सर्जननी न घाबरता, शांतपणे काम संपवलं. उघड्या पोटात हा माणूस फार सुरेख काम करतो.

बाहेर थोरले दीर फोन हातात घेऊनच उभे होते. "उघडलं म्हणतात. मग कळवून टाकतो वृद्धाश्रमाला, उद्याच आईला..."

"फोन खिशात ठेवा, भाऊजी. मी रजा टाकतेय."

"दीड महिना? जमेल तुला?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

जाऊ शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात आधी पोटावर गेला. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं बोटं फिरवली.

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

तिनं डोळे मिटले. "कधी नेताहेत आईंना?"

"नेत नाहीत. मी रजा घेतली आहे. मी उचलीन त्यांना."

"तू?" तिला हसू फुटलं, टाके ओढले, ती कळवळली आणि मग रडायला लागली. मी तिच्या पोटाशी उशी धरली, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो.

"आधी सांगायचं आईंना," रडणं ओसरल्यावर ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"उचलतेय म्हणून. न सांगता हात लावलेला त्यांना खपत नाही. सांगायचं, आणि त्या हो म्हणेपर्यंत थांबायचं."

थिएटरमध्ये मी जन्मभर माणसं टेबलावरून स्ट्रेचरवर उचलत आले. ती सगळी झोपलेली असायची.

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"मला कधी म्हणाल्या नाहीत," जाऊ म्हणाली. "तुझं सांगता येत नाही."