उमा : खोडलेला अर्थ

नातीचं नाव जन्मनोंदणीच्या अर्जात भरायला दोनच दिवस उरले होते. लेकीला आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं : उमा. बायको जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. पण बाळाच्या आत्याने नाक मुरडलं. लेक कामावर गेली की बाळाला आत्याच सांभाळणार, म्हणून लेक म्हणाली, “बाबा, त्यांना पटलं तरच ठेवू. तुम्हीच बोला.”

मी आणि बोलणार! आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलेलं. चार कोश धुंडाळून दोन पानं टिपणं काढली आणि ती घेऊन आत्याबाईंच्या शिवणाच्या दुकानात गेलो.

“काका, नाव वाईट नाही हो, पण जुनाट आहे,” त्या मशीन न थांबवता म्हणाल्या. “वाचा, काय आणलंय ते.”

मी घसा खाकरून वाचू लागलो. तेज, कीर्ती, शांती. पार्वतीचं नाव. व्युत्पत्ती अनिश्चित.

“हे सगळं सगळ्याच नावांना असतं,” त्यांनी कागद ओढून घेतला. “आणि हे काय खोडलंय?”

“जवस. तोही एक अर्थ आहे. पण नातीच्या नावाला तेलबी कशाला, म्हणून...”

मशीन थांबलं. त्यांनी फळीवरून एक तागा काढून माझ्या मांडीवर टाकला. “हात लावा. लिनन. जवसाच्याच धाग्याचं. आधी ताठ, हट्टी. सुरकुत्या पडतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. पण दर धुण्याला मऊ होतं, आणि टिकतं म्हणजे किती! वीस वर्षांपूर्वी शिवलेले शर्ट अजून उसवून सैल करायला येतात माझ्याकडे.”

चार कोशांत मला जे दिसलं नाही, ते या बाईच्या बोटांना ठाऊक होतं.

“काकू कशा होत्या? मी त्यांना लग्नात ओझरतं पाहिलं, तेवढंच.”

काहीतरी नेमकं सांगावं असं फार वाटलं. “पहिली दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाही,” मी म्हणालो. “नंतर...” नुसता कापडावरून हात फिरवत राहिलो.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

“वहिनी, उमाच लिहा अर्जात. हो, पटलं. आणि तुमच्या बाबांना तासाभराने पाठवते. आत्ता बसू द्या त्यांना इथेच.”