बरगड्यांचा वाटा

डब्याच्या उजव्या कडेची कथलाची झाळ वितळून टपकन खाली पडली आणि फटीतून धुराची रेघ निघाली, तेव्हा फत्तेसिंग पुढे झेपावला. त्याने उघड्या हाताने कड दाबून धरली. बोटं भाजली तेव्हा कुठे शहाणपण आलं आणि त्याने हात काढला.

"तरी सांगं व्हतं," त्याची बायको रूपली ओट्यावरून म्हणाली. "इतला निखारा नका घालू. दाऊदभाईनी बी सांगं व्हतं."

"हाड फिरी नही ऱ्हायनं," फत्तेसिंग म्हणाला. "आनि बा येवानी येळ व्हई गई."

डबा रॉकेलचा. दाऊद पत्रेवाल्याने त्याला आतून जाळी आणि पुढून दार बसवून दिलं होतं. "आंच मंद ठेव, फत्तेभाई. झाळ शे, लोखंड नही," असं त्याने बजावलं होतं. मग सहज विचारलं, काय भाजणार. फत्तेसिंगने खरं सांगितलं: रानडुक्कर. दाऊद थोडा वेळ कात्री पुसत राहिला. "डबा मी बनावा," तो म्हणाला, "आतमा काय ठेवशी ते तुन्हं." आणि दार नीट बसतं का ते पुन्हा एकदा पाहून दिलं.

शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात फत्तेसिंग वॉर्डबॉय होता. त्याआधी तीन वर्षं लष्करी दवाखान्याच्या तुकडीबरोबर कोरियात. घरी न सांगता भरती झालेला. तो तिकडे परक्या पोरांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत असताना इकडे प्रकाशा गावात त्याची आई गेली. अग्नी चुलतभावाने दिला. पत्र पोचलं ते दोन महिन्यांनी. परत आल्याला आता चार वर्षं होत आली, पण बाप सुरुपसिंग लेकाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हता.

त्यांच्या वस्तीत एक रीत होती. जेवायला बसताना घरातल्या माणसाने पहिला घास काढून गेलेल्यांच्या नावाने चुलीपाशी ठेवायचा. पाहुणा ठेवत नाही. फत्तेसिंगने आईच्या नावाने तो घास कधीच ठेवला नव्हता. ज्याने अग्नी दिला नाही त्याने घास कोणत्या तोंडाने ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं, आणि सांगणारा एकच माणूस बोलत नव्हता.

परवा बापलेकाचं मिटवायला वस्तीतले जाणते बसले. सुरुपसिंग मोतीलाल पाटलांच्या उसाची राखण करायचा; त्याच उसात त्याने त्या पहाटे एक जुना सुळेवाला डुक्कर तीराने पाडला होता. शिकाऱ्याचा वाटा म्हणजे बरगड्या. म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "मन्ही शिकारन्या बरगड्या धाडसू. त्यानी रांध्या, मी खाद्या, तर मन्हा पोऱ्या. ताटवरथीन उठनू, तर तो कोरियामाच मरी गया समजसू."

सगळे वा वा म्हणाले. फत्तेसिंगने मात्र म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. कारण मागच्या बाजाराला त्याने बापाला झाडाआड भाकर पाण्यात बुडवून खाताना पाहिलं होतं. बापाच्या तोंडात दात उरले नव्हते. पागोट्याचा शेव तोंडावर ओढून म्हातारा ते जगापासून लपवत होता, आणि अवघ्या वस्तीसमोर पैज लावून बसला होता जुन्या डुकराच्या बरगड्यांवर. खिचडी वाढली तरी अपमान, बरगडी चावली नाही तरी अपमान. बाप तर आपल्याच तोंडाने अडकला होता आणि त्याच्याबरोबर लेकही.

तेव्हा त्याला पाक आडनावाची कोरियन म्हातारी आठवली. तिकडे इस्पितळाच्या रसोड्यात ती कामाला होती. तेलाच्या पिंपाला झाकण लावून त्यात बरगड्या भाजायची. एक काळं खारट पाणी, लसूण, आलं, साखर, तिळाचं तेल आणि किसलेली नाशपाती. त्यात रात्रभर मुरवायची. मग मंद आचेवर अर्धा दिवस. जबडा फुटलेली पोरं ते खायची. झालं की नाही हे ती चाखून पाहत नसे. हाड दोन बोटांत धरून फिरवायची. नुसतं हाड फिरलं आणि मांस जागच्या जागी राहिलं, की झालं.

नाशपाती शहाद्यात कुठली? त्याने कच्ची पपई किसली. काळ्या पाण्याऐवजी गूळ जाळून त्यात मीठ घातलं. तीळ, लसूण घरचेच. सकाळपासून केळीच्या पानात गुंडाळलेल्या आठ बरगड्या डब्यात होत्या, पण दुपार झाली तरी हाड फिरेना. मग धीर सुटला आणि त्याने निखारे वाढवले.

आता फट वाढत चालली होती. फत्तेसिंग आत धावला आणि दवाखान्यातून आणलेली पट्टी घेऊन आला.

रूपलीने पट्टीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "डबाले काय जखम व्हयनी का?" ती म्हणाली. "सरका."

ओटा सारवायला तिने माती भिजवून ठेवली होती. तिने मातीचा गोळा उचलला आणि फटीवर थापला. मग दुसरा, तिसरा. "चूल फुटनी तर आम्ही काय करतस?" बघता बघता तिने डबा सगळ्या बाजूंनी लिंपून टाकला, आता दिसायला तो चूलच झाला. धूर थांबला. निम्मे निखारे तिने बाहेर ओढले. "आते हात लावू नका," असं बजावून ती भाकरी थापायला बसली.

फत्तेसिंग डब्यासमोर उकिडवा बसून राहिला. युद्धात भीती वाटली नव्हती असं नाही, पण तिथे निदान काही करायला असायचं.

रस्त्यावर गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, तेव्हा त्याने दार उघडलं, पान सोडलं आणि हाड धरलं. हाड फिरलं.

सुरुपसिंगबरोबर साक्षीला सुपडू नाईक आला होता, वस्तीतला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. म्हाताऱ्याने तांब्याला हात लावला नाही. ताटावर बसला तो पागोट्याचा शेव तोंडाशी धरून. पहिला घास त्याने काढला नाही. पाहुणा काढत नाही. फत्तेसिंगने ते पाहिलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

सुरुपसिंगने बरगडी उचलली. ओठांशी नेली, आणि थांबला. मांस दात न लागताच हाडावरून सुटून जिभेवर आलं होतं. त्याने मान वर करून लेकाकडे पाहिलं.

फत्तेसिंगला तोवर सुचलंच नव्हतं: मांस इतकं मऊ झालं म्हणजे बापाला कळणार, की लेकाला ठाऊक आहे. आता हा माणूस उठणार. चोरून पाहिलेली गोष्ट ताटात वाढली म्हणून उठणार.

"काय सुरुपसिंग," नाईक म्हणाला. त्याची बरगडी अजून हातातच होती. "थांबना का? चावाय नही का?"

म्हाताऱ्याने तोंडातला घास सावकाश गिळला.

"जुना डुक्कर शे," तो म्हणाला. "दात लागतस." आणि नाईकाच्या हातातली आणि ताटातली, दोन्ही बरगड्या उचलून आपल्या ताटात घेतल्या. "तुन्हाघाई नही व्हवाव. तू भाकर खा."

म्हातारा खात राहिला. हाडं एकेक करून ताटाच्या कडेला लागत गेली, वस्तीतल्या कुणालाही दाखवावी अशी स्वच्छ. चौथं हाड ठेवून त्याने फत्तेसिंगकडे न पाहता विचारलं, "तठे कोनले खावाडे तू हाई?"

"ज्यासले चावता येत नही व्हतं त्यासले."

सुरुपसिंगने मान हलवली. "तुन्ही मायले बी शेवटले चावाय नही. महिनाभर पेजवर व्हती," तो म्हणाला. "मले असं रांधता येत नही व्हतं."

चार वर्षं जो राग लेकावरचा आहे असं सगळे समजत होते, तो अर्धा त्याचा स्वतःवरच होता. फत्तेसिंगला हे आता कळलं.

ताटात शेवटची बरगडी उरली होती, अख्खी, मांसासकट. म्हातारा ती घेऊन उठला. ताटावरून उठलेला पाहून रूपलीच्या हातातली भाकर तशीच राहिली. पण तो दाराकडे गेला नाही. आधी घरातल्या चुलीकडे वळला, मग अंगणातल्या मातीने लिंपलेल्या डब्याकडे पाहिलं आणि तिकडे गेला. गुडघे दाबत खाली बसला आणि बरगडी डब्यापाशी केळीच्या पानावर ठेवली.

"हाई तिन्हा वाटा," तो म्हणाला. "उद्यापासीन तू ठेवत जाय."

मग त्याने तोंडावरचा शेव बाजूला केला आणि रूपलीकडे पाणी मागितलं.